मुलांच्या घड्याळाची शाळा

शारजाच्या अल मजाज भागात शुक्रवारची सकाळ मोठी अडचणीची असते. मुलं घरी आणि आईवडील कामावर. जानेवारी २०२२मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर नेली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा केला. शारजानं त्याच्याही पुढे जाऊन शुक्रवारसकट तीन दिवसांची सुट्टी जाहीर केली. सरकारी कचेऱ्या आणि शाळा फक्त सोमवार ते गुरुवार. खालिद लगूनच्या काठच्या उंच इमारतींत राहायचं आणि नोकरीला शेजारच्या दुबईत जायचं, हा अल मजाजमधल्या असंख्य भारतीय कुटुंबांचा जुना शिरस्ता, कारण शारजात घरभाडं कमी पडतं. दुबईतलं ऑफिस शुक्रवारी दुपारपर्यंत तरी चालू असतं. मुलाच्या हातात मात्र एक अख्खा रिकामा दिवस असतो.

हा रिकामा दिवस फार काळ रिकामा राहत नाही. पोहणं, अ‍ॅबॅकस, गणिताची शिकवणी, अरबीची शिकवणी, कुठं मराठीचा वर्ग. शाळेनं सोडलेले तास पालक घाईघाईनं भरून टाकतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चौदाव्या मजल्यावर आठ वर्षांचं मूल एकटं आणि त्याच्या हातात मोबाइल, ही कल्पना कोणत्याही आईची झोप उडवेल. पण या धांदलीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. दिवस कसा घालवायचा हे मुलालाच ठरवू दिलं, तर ते काय करेल?

या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्या शाळा जगात शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. त्यांतल्या काही मराठी मुलखात उभ्या राहिल्या आणि त्यांचा इतिहास आजच्या गुळगुळीत माहितीपत्रकांपेक्षा कितीतरी रंजक आहे. त्यांना कुणी बालकेंद्री म्हणतं, कुणी प्रयोगशील, कुणी पर्यायी. बहुतेकांच्या मनात त्यांचं चित्र एकच असतं: मुलं मोकाट, बाई हताश, वेळापत्रक नाही, अभ्यास नाही. प्रत्यक्षात अशा शाळेचा दिवस साध्या शाळेच्या दिवसापेक्षा जास्त काटेकोर असू शकतो. फरक काटेकोरपणा कुठं वापरायचा, याचा आहे.

नेहमीच्या शाळेत पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास असतो. घंटा झाली की मराठीचं पुस्तक दप्तरात आणि गणिताचं बाहेर. कवितेत नुकतं रंगलेलं मूल आणि कवितेला कंटाळलेलं मूल, दोघांनाही घंटा एकाच क्षणी उठवते. बालकेंद्री शाळेत घंटा जवळजवळ नाहीशी होते, पण दिवसाची चौकट पक्की राहते. येण्याची वेळ ठरलेली, सकाळी सगळ्यांनी गोल करून बसणं ठरलेलं, जेवण, आवराआवर आणि दिवसअखेरची गोष्टही ठरलेली. या खुंट्यांच्या मधे जे लांबलचक मोकळे पट्टे राहतात, ते मुलाचे. त्यात काय करायचं, कुणाबरोबर करायचं, किती वेळ करायचं, ते त्यानं ठरवायचं.

मारिया मॉन्टेसरीनं रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी आपलं पहिलं बालगृह उघडलं. डॉक्टर असल्यानं तिला नोंदी ठेवण्याची सवय होती. मुलांच्या कामाचे आलेख काढताना तिच्या लक्षात आलं की सकाळी आल्याआल्या मुलं सोपं, ओळखीचं काम घेतात. तासाभरानं वर्गात चुळबूळ सुरू होते. आवाज वाढतो, कुणी उगाच फिरतं, कुणी दुसऱ्याच्या चटईवर डोकावतं. मुलं दमली असं समजून मोठी माणसं नेमकी इथंच मधे पडतात आणि मधली सुट्टी देऊन टाकतात. मॉन्टेसरीचं म्हणणं असं की हा थकवा खोटा आहे. थोडा वेळ कळ काढली तर मुलं पुन्हा बसतात आणि या वेळी दिवसातलं सगळ्यात अवघड काम हातात घेतात. म्हणून तिच्या पद्धतीत सकाळचा सलग तीन तासांचा पट्टा सोन्यासारखा जपतात. सहलीची सूचना द्यायला कार्यालयातून आलेल्या माणसालाही दाराबाहेर थांबावं लागतं.

या तीन तासांत काय चालतं, ते एका वस्तूवरून कळेल. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांच्या मॉन्टेसरी वर्गात हजार मण्यांची एक लांब साखळी भिंतीवर टांगलेली असते. दहा-दहा मण्यांच्या काड्या एकमेकींना जोडून ती केलेली असते. मूल ती दोन्ही हातांवर तोलून आणतं आणि वर्गात मावत नाही म्हणून व्हरांड्यात पसरतं. मग दहाव्या मण्यापाशी १०ची चिठ्ठी, विसाव्यापाशी २०ची, असं करत हजारापर्यंत जायचं. दोनशेच्या आसपास पहिला उत्साह ओसरतो. चारशेपाशी एखादी मैत्रीण मदतीला बसते आणि दोघी मिळून एक चिठ्ठी चुकवतात. चूक कुणी दाखवून देत नाही. सहाशेपाशी शेवटी हिशेब जुळत नाही तेव्हा ती आपोआप सापडते आणि मग मागं जाऊन शोधाशोध सुरू होते. जेवणाची वेळ झाली आणि काम अर्धं असलं, तर साखळीशेजारी नावाची पाटी ठेवून उठायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथंच असते. कुणीही तिच्यावर पाय देत नाही, ओलांडून जातं. पस्तीस मिनिटांच्या तासात हे काम बसत नाही.

खाण्याचंही असंच. बऱ्याच वर्गांत कोपऱ्यात एक लहान टेबल आणि दोन खुर्च्या असतात. ज्याला भूक लागली त्यानं डबा घेऊन तिथं बसावं. खुर्च्या भरलेल्या असतील तर थांबावं. चाळीस मुलांनी एकदम डबे उघडण्याचा गोंधळ त्यानं टळतो. भूक लागल्यावर खाणं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हे दोन धडे वेगळा तास न ठेवता होऊन जातात.

इंग्लंडमधली समरहिल आणि अमेरिकेतली सडबरी व्हॅली या शाळा यापेक्षा बऱ्याच पुढे गेल्या. ए. एस. नील यांनी १९२१मध्ये सुरू केलेल्या समरहिलमध्ये तासांचं वेळापत्रक असतं, पण ते पाळणं शिक्षकांवर बंधनकारक. मुलांनी तासाला बसावं की नाही, हा त्यांचा प्रश्न. मात्र झोपण्याच्या वेळा मुलं आणि मोठी माणसं मिळून सभेत ठरवतात आणि त्या पाळल्या जातात की नाही हे बघायला पदाधिकारीही नेमलेले असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरी व्हॅलीत, १९६८ सालापासून, वर्ग आणि वेळापत्रक हा प्रकारच नाही. पण आठवड्याची शाळा-सभा होते, तिथं सहा वर्षांच्या मुलाला आणि शिक्षकाला एकेकच मत, आणि नियम मोडणाऱ्याची चौकशी करायला मुख्यतः मुलांचीच समिती. म्हणजे जिथं अभ्यासाचं बंधन सगळ्यात सैल, तिथं सहजीवनाचे नियम सगळ्यात पक्के. हे मॉडेल भारतात जसंच्या तसं रुजेल असं वाटत नाही, रुजवावं असंही नाही. पण स्वातंत्र्य म्हटलं की शिस्त संपली, हा समज तिथं साफ खोटा ठरतो.

मराठी मुलखातली गोष्ट सुरू होते ती भावनगरमधून. वकिली सोडून मुलांच्या नादी लागलेले गिजुभाई बधेका यांनी तिथं दक्षिणामूर्ती संस्थेत १९२०मध्ये बालमंदिर काढलं. १९२३मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. त्याआधी ताराबाई राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. मानाची आणि पगाराची जागा सोडून त्या लहान मुलांत येऊन बसल्या. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मॉन्टेसरीचं तंत्र इथं तोवर शहरी, सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांपुरतं होतं. १९३९मध्ये गिजुभाई गेले. ताराबाईंना मात्र एक प्रश्न छळत होता: हे सगळं खेड्यातल्या, फाटक्या कपड्यांतल्या मुलाला का मिळू नये?

१९४५मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. डहाणूजवळचं हे समुद्रकाठचं गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं, म्हणजे १९९२मध्ये देहावसान होईपर्यंत, त्या याच कामात राहिल्या.

बोर्डीत पहिली अडचण साधनांची आली. मॉन्टेसरीची पॉलिश केलेली लाकडी साधनं महाग होती. मग समुद्रावरचे शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, माती, गोटे यांवर काम सुरू झालं. लहान-मोठं, खडबडीत-गुळगुळीत, जड-हलकं हे सगळं त्यांत होतंच. त्यासाठी इटलीकडे बघायची गरज नव्हती.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुलं तिथवर येईनात. आई कामावर गेलेली, मूल अंघोळीविना अंगणात, त्याला तयार करून वेळेवर धाडणार कोण? तेव्हा ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना तिथंच अंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. अंघोळ ही अभ्यासाआधीची तयारी नव्हती, तोच त्या दिवसाचा पहिला पाठ होता. किती तांबे पाणी लागलं, साबणाचा फेस कसा होतो, कोणतं पाणी गार आणि कोणतं कोमट, हे सगळं तिथंच व्हायचं. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत. नाव बोर्डीचं, पण मुलाच्या वेळेला आपण जुळवून घ्यायचं हा बोर्डीचा मूळ मुद्दा सरकारी रजिस्टरांत कुठं हरवला, ते शोधावं लागेल.

१९५७मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. आजूबाजूला वारली पाडे. तिथल्या आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींना शाळेत न येण्याची कारणं पक्की होती. मोठी बहीण धाकट्या भावंडाला सांभाळायची. भावाला गुरं राखायची असायची. कमावते हात तोकडे पडणाऱ्या घरात ही कामं टाळण्यासारखी नव्हती.

यावर कोसबाडनं काढलेली उत्तरं आजही थक्क करतात. भावंडासाठी मुलगी घरी राहते ना, मग भावंडालाही घेऊन ये. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली आणि त्या रचनेला विकासवाडी म्हणू लागले. बहीण वर्गात, बाळ शेजारच्या पाळण्यात, मधल्या वेळात ती त्याला बघून यायची. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शिक्षक त्यांच्यामागे माळावर गेले. ती कुरणशाळा. गुरं चरतायत तोवर झाडाखाली अक्षरं, अंक, गाणी, गोष्टी. गुरं पांगली की धडा थांबणारच, त्याला इलाज नव्हता. दिवसभर कामात अडकलेल्यांसाठी रात्रीची शाळा होती.

या शाळांच्या दिनक्रमाकडे आजच्या डोळ्यांनी बघितलं तर एक गोष्ट उठून दिसते. इथं मुलांच्या कलानं घेण्यामागे कोणतं सुंदर तत्त्वज्ञान मिरवायचं नव्हतं. मुलांच्या कलानं घेतलं नाही तर मुलं येतच नव्हती. हा व्यवहार होता आणि म्हणूनच तो टिकला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात पुढे साखरशाळा निघाल्या, त्यामागेही हीच अक्कल होती. आज महागडी फी घेऊन ‘तुमच्या पाल्याच्या गतीनं’ शिकवण्याची हमी देणाऱ्या शाळांच्या जाहिराती दिसतात. ही कल्पना मराठीत कितीतरी आधी गुराख्याच्या पोरासाठी राबवली गेली, हे त्या जाहिरात लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावं.

ताराबाई १९७३मध्ये गेल्या. त्यानंतर ही धारा शहरांकडे वळली. कोल्हापुरात १९८५मध्ये लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय काढलं. कादंबरीकार ना. सी. फडके यांची ही कन्या. शिक्षकांना शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि निवृत्तीनंतर लहान मुलांची शाळा काढून आपलंच म्हणणं तपासून बघायचं त्यांनी ठरवलं. मुलांना शाळेत आनंद मिळायला हवा, हे तेव्हा बरेच जण म्हणत. लीलाताईंचा आग्रह त्यापुढचा होता. तो आनंद कामातून आलेला, अर्थपूर्ण असायला हवा. गाणी आणि टाळ्या म्हणजे आनंददायी शिक्षण, या पळवाटेवर त्यांचा विश्वास नव्हता.

त्याच सुमारास, १९८६मध्ये, फलटणला कमला निंबकर बालभवन सुरू झालं. फलटणच्या मराठी बोलीवर संशोधन करायला आलेल्या आणि इथल्याच होऊन गेलेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन त्यामागे होत्या. एकाच वर्गात डॉक्टरांची मुलं आणि मजुरांची मुलं बसतील, हे त्यांनी पहिल्यापासून जपलं. घरची बोली शाळेत आणायला मुलांना संकोच वाटू नये, याचीही त्यांना काळजी. कारण जे मूल बोलतच नाही, त्याच्या कलानं घेणार तरी कसं? पुण्यातली अक्षरनंदन १९९२ची. मराठी माध्यम, छडी नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, आणि हातानं करायच्या कामाला अभ्यासाइतकाच मान. अशा बहुतेक मराठी शाळांत शिक्षकांना ताई-दादा म्हणतात. हाक बदलली की प्रश्न विचारायची भीती निम्मी होते, असा तिथला अनुभव आहे.

हे सगळं छोट्या शाळांना परवडतं, असा एक आक्षेप हमखास येतो. वर्गात पंचवीस मुलं, निवडून घेतलेले शिक्षक, हौशी पालक. साठ मुलांच्या, दोन शिक्षकांच्या सरकारी शाळेत हे कसं व्हायचं? याचं उत्तर आंध्र प्रदेशातल्या मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीत मिळालं. तिथल्या ग्रामीण शाळांत एकेका शिक्षकाकडे चार-चार इयत्ता असत. मग शिकण्याचे लहान लहान टप्पे करून त्यांची एक शिडी भिंतीवर लावली. प्रत्येक टप्प्याला एक कार्ड, कार्डावर प्राण्याचं किंवा वस्तूचं चित्र. सकाळी मूल शिडीपाशी जातं, आपण कुठवर आलो ते बघतं, पुढचं कार्ड ट्रेमधून उचलतं आणि त्या चित्राच्या गटात जाऊन बसतं. एका गटाला शिक्षकाची पूर्ण मदत, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्यात मुलंच एकमेकांना शिकवतात, चौथ्यात एकेकट्यानं काम. एक शिक्षक चार इयत्ता शिकवतो तो असा. दोन दिवस ताप आला म्हणून घरी राहिलेलं मूल परत येतं ते थेट आपल्या कार्डापाशी. वर्ग पुढे गेला आणि आपण मागे राहिलो, हा प्रकार होत नाही.

तामिळनाडूनं हे तत्त्व २००३पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांत आणलं आणि नंतर राज्यभर नेलं. मुलं सतरंजीवर गोल करून बसत. भिंतीच्या खालच्या पट्ट्यात त्यांच्या उंचीचे फळे, प्रत्येकाचा आपला. सकाळी हजेरी मुलंच लावत आणि हवामानाचा तक्ताही तीच भरत. इतक्या मोठ्या प्रमाणावर गेल्यावर दुखणीही आली. काही शाळांत कार्डं संपवणं हेच ध्येय झालं आणि शिडी म्हणजे नवी घंटा होऊन बसली. पुढे तिथली पद्धत बदलत गेली.

महाराष्ट्रात सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचा, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचा, गेल्या दशकात असाच गाजावाजा झाला. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं तिथल्या जिल्हा परिषद शाळांनी फरशीवर, ओट्यांवर, पायऱ्यांवर अंक, अक्षरं, कोडी रंगवली. राज्यभरातून शिक्षक बसगाड्या करून बघायला जायचे. परतल्यावर अनेकांनी आधी फरशी रंगवली, हे खरं. पण कुमठ्यात बघण्यासारखी गोष्ट वेगळीच होती: शिक्षक वर्गात नसतानाही मुलं काम करत राहत. ते रंगाच्या डब्यात मिळत नाही. शिवाय हे काही कायद्याबाहेरचं खूळ नव्हे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये बालस्नेही, बालकेंद्री पद्धतीनं, कृती आणि शोधातून शिकवण्याची अपेक्षा स्पष्ट लिहिली आहे.

मोठ्यांच्या घड्याळाशी मुलांचं घड्याळ कुठं भिडतं, ते महाराष्ट्रानं नुकतंच अनुभवलं. मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असं तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३मध्ये सुचवलं. फेब्रुवारी २०२४मध्ये शासनानं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढला. लगेच दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा आणि स्कूलबसवाले कुरकुरले. सकाळचं सत्र उशिरा सुरू झालं तर दुपारचं कधी भरवायचं? एकच बस दोन फेऱ्या कशी मारणार? सात वर्षांच्या मुलानं किती वाजता उठावं, हे बसच्या फेऱ्यांवर ठरत आलं होतं, हे त्या निमित्तानं सगळ्यांसमोर आलं.

अल मजाजमध्ये आणखी एक घड्याळ चालतं, उन्हाचं. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी आहे. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, जुलै-ऑगस्टमध्ये मोठी सुट्टी पडते. म्हणजे नव्या इयत्तेचे पहिले महिने बंद दारांआड, एसीत जातात आणि मोकळ्या हवेत शिकण्याजोगा काळ येतो नोव्हेंबर ते मार्च. बालकेंद्री शाळा तिथं काढायची झाली तर तिचा दिनक्रम ऋतूप्रमाणे दोन तऱ्हांचा ठेवावा लागेल. कोसबाडच्या शाळेला लावणीचे आणि गुरं चारायचे दिवस धरून चालावं लागलं, तसाच हा हिशेब. आणि तीन दिवसांची सुट्टी? तिच्यातला एक शुक्रवार तरी शिकवणीविना सोडून बघायला हरकत नाही. पहिल्या तासाला मूल ‘कंटाळा आला’ म्हणेल. मॉन्टेसरीच्या आलेखातली ती चुळबूळ हीच. त्या क्षणी मोबाइल पुढे केला तर तिच्या पलीकडचं काम कधी दिसणार नाही.

मोकळीक दिली की मोठ्यांचं काम कमी होतं, हाही गैरसमज. उलट ते वाढतं, फक्त दिसत नाही. नेहमीच्या शाळेतले शिक्षक टाचण काढतात ते उद्या आपण काय बोलणार याचं. इथं मुलं घरी गेल्यावर ताई वही उघडून लिहिते ती आज कुणी काय केलं याची नोंद. कोण तीन दिवस फक्त चित्रं काढतंय, कोण रोज दुसऱ्याचं काम बघत बसतं, कुणाला हातचा अजून समजत नाही. उद्या कोणासमोर कोणतं साधन सहज दिसेल असं ठेवायचं, ते या नोंदींवरून ठरतं. नोंद ठेवली नाही तर बालकेंद्री शाळेचं पाळणाघर व्हायला महिना पुरतो. अशा शाळाही आहेत, हे पालकांनी लक्षात ठेवायला हवं.

पालकांचा नेहमीचा प्रश्न शेवटी उरतोच. नावडतं काम मुलानं वर्षभर टाळलं तर? सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मॉन्टेसरी शाळांनी यावर एक व्यवस्था बसवली आहे. मूल रोज स्वतःच्या वहीत काय केलं, कधी सुरू केलं आणि कधी संपवलं ते लिहितं. ठरावीक दिवसांनी ताईबरोबर बसून ती वही वाचायची. आणि त्याच्या वयाच्या मुलांकडून बाहेरच्या शाळेत काय काय अपेक्षित असतं, तो सरकारी अभ्यासक्रम कपाटात न लपवता त्याच्याच हातात द्यायचा. चौथीच्या यादीत भागाकार आहे आणि आपल्या वहीत महिनाभर भागाकार कुठंच नाही, हे नऊ वर्षांच्या मुलाला कुणी सांगावं लागत नाही. मग सोमवारी करायचा की बुधवारी, एकट्यानं की मित्राबरोबर, मण्यांनी की कागदावर, हे मूल सांगतं आणि ताई तेवढं लिहून घेते. करायचा की नाही, यावर बोलणं होत नाही.